एका भाषेतून दुसऱ्या भाषेतला कोड बोलावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात आमचं छोटं सॉफ्टवेअरचं दुकान आहे. जिनिंगवाले, केळीचे व्यापारी, एकदोन शीतगृहं ही आमची गिऱ्हाइकं. त्यांची मागणी बहुतेक वेळा एकच असते: "काट्याला जोडून द्या." वजनकाटा बनवणारा सोबत एक डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमने बोलवायच्या तयार फंक्शन्सची फाइल) देतो, ती सीमध्ये लिहिलेली असते आणि आमचा प्रोग्रॅम पायथनमध्ये. दर वर्षी इंटर्नशिपला येणारी मुलं याच जोडणीवर अडकतात आणि तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाची उत्तरं लिहून ठेवली. कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत करा.

मुळात दोन भाषा एकत्र आणायची गरजच का पडते? सगळं एकाच भाषेत लिहिलं तर?

लिहा की. पण काटेवाल्याची डीएलएल तुम्हाला पुन्हा लिहिता येणार नाही, कारण आतला कोड तो देत नाही. दुसरं कारण वेगाचं: पायथनमध्ये दोन मिनिटं चालणारं लूप सीमध्ये सेकंदभरात संपू शकतं. तिसरं कारण असं की काही कामं लोकांनी आधीच इतकी नीट करून ठेवलेली असतात की ती पुन्हा करायला बसणं हा वेडेपणा ठरेल.

आणि हे तुम्ही आधीपासूनच करताय. नमपाय ही पायथनची गणिताची लायब्ररी वापरून मॅट्रिक्स सोडवलीत ना? खाली लॅपॅक या जुन्या गणिती लायब्ररीच्या पद्धतीने काम होतं. लॅपॅक १९९२ साली आलं, तेही फोर्ट्रानमध्ये. तुम्ही पायथन लिहिलंत, पण गणित दुसऱ्याच कोणी केलं.

प्रत्येक ठिकाणी सीचंच नाव का येतं? मला तर रस्टमधून पायथनला जोडायचंय, मध्ये सी कुठून आली?

आपल्याकडच्या आठवडे बाजारात उभे राहा. अमळनेर-धुळ्याकडचा माणूस अहिराणी बोलतो, यावल-रावेरचा लेवा बोली बोलतो, सातपुड्यातून उतरलेला पावरी बोलतो, व्यापाऱ्याच्या घरात गुजराती किंवा मारवाडी चालते. सौदा मात्र मोडक्यातोडक्या बाजारी हिंदीत होतो. ती कोणाच्या घरची भाषा नसते, पण भाव सगळ्यांना तिच्यातच कळतो.

सीची जागा तीच आहे. विंडोज असो वा लिनक्स, ऑपरेटिंग सिस्टिमचे दरवाजे सीच्या पद्धतीने उघडतात. त्यामुळे प्रत्येक भाषेला निदान सीशी बोलता यावंच लागतं. रस्ट आणि पायथन एकमेकांशी बोलतात तेव्हा दोघंही सीच्या रीतीने बोलतात. सीचा एक ओळसुद्धा कोड त्यात नसतो, असते ती फक्त रीत.

ही "रीत" म्हणजे नेमकं काय?

कॉलिंग कन्व्हेन्शन, म्हणजे फंक्शन बोलावताना आर्ग्युमेंटं कुठे ठेवायची आणि उत्तर कुठून घ्यायचं याचा ठराव. काटापावतीवर गाडी नंबर कुठल्या रकान्यात, भरलेलं वजन कुठे, रिकामं कुठे, हे ठरलेलं असतं. कारकून बदलला तरी पावती वाचता येते. प्रोसेसरमध्ये हे रकाने म्हणजे रजिस्टर, आकडे ठेवायच्या छोट्या जागा.

६४ बिट लिनक्सवर इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी ठरलेलं असं आहे: पहिले सहा पूर्णांक किंवा पॉइंटर (मेमरीतले पत्ते) सहा ठरावीक रजिस्टरमध्ये जातात. दशांश संख्यांसाठी एक्सएमएम नावाची वेगळी रजिस्टर आहेत. उत्तर पूर्णांक असेल तर ते आरएएक्स नावाच्या रजिस्टरमध्ये येतं, दशांश असेल तर एक्सएमएम शून्यमध्ये. ६४ बिट विंडोजवर सहाऐवजी पहिली चारच आर्ग्युमेंटं रजिस्टरमध्ये जातात. बाकीची स्टॅकवर, म्हणजे मेमरीत. उत्तराच्या जागा मात्र त्याच.

ही शेवटची गोष्ट, की पूर्णांकाची जागा वेगळी आणि दशांशाची वेगळी, लक्षात ठेवा. पुढच्याच प्रश्नात ती लागणार आहे.

फंक्शन सापडलं, कॉलही झाला, एररही नाही. पण उत्तर भलतंच येतं. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. याची फी मी स्वतः भरलेली आहे.

दिवाळीनंतरचा हंगाम, जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग. काट्याच्या डिस्प्लेवर आकडा बरोबर, आमच्या स्क्रीनवर मात्र एकदा शून्य, एकदा अठ्ठेचाळीस लाख आणि काही. ट्रॅक्टरवाल्याने खिडकीतून डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "भो, एवढा कापूस माझ्याकडं असता तर मी रांगेत उभा राहिलो असतो का?" मी तासभर केबल बदलत बसलो. केबलचा काही दोष नव्हता.

डीएलएलमधलं वजन देणारं फंक्शन डबल, म्हणजे दशांश संख्या, परत करत होतं. मी सीटाइप्स (पायथनमधून सीची फंक्शन्स बोलावायचं मॉड्यूल) वापरत होतो, आणि सीटाइप्सला तुम्ही काही सांगितलं नाही तर ते गृहीत धरतं की उत्तर पूर्णांक, म्हणजे सीचा इंट, आहे. सीने वजन प्रामाणिकपणे एक्सएमएम शून्यमध्ये ठेवलं. पायथनने जाऊन पाहिलं आरएएक्समध्ये. तिथे आधीच्या कुठल्या तरी कामाचा उरलासुरला आकडा पडलेला होता, तो त्याने वजन म्हणून छापला. एरर येणार कशी? दोघांनीही आपापल्या परीने काम बरोबरच केलं होतं.

दुरुस्ती एका ओळीची, उत्तराचा प्रकार सांगणारी: काटा.वजन_घ्या.रेसटाइप = सी_डबल. त्याच वेळी आर्गटाइप्सही, म्हणजे आर्ग्युमेंटांचे प्रकार, लिहा, प्रत्येक फंक्शनसाठी, न चुकता. आर्गटाइप्स न लिहिता दशांश संख्या पाठवली तर सीटाइप्स निदान तिथल्या तिथे तक्रार करतं. उत्तराच्या बाबतीत मात्र ते चूप बसतं.

याचंच एक जास्त लबाड भावंड आहे. फंक्शन पॉइंटर परत करतं आणि तुम्ही रेसटाइप लिहिलेला नाही. ३२ बिट मशीनवर सगळं चालतं, कारण पॉइंटर आणि इंट दोन्ही ४ बाइटचे. ६४ बिटवर पॉइंटर ८ बाइटचा, त्याचे वरचे ४ बाइट कापले जातात. पत्ता योगायोगाने लहान असेल तर काम होतं, नसेल तर प्रोग्रॅम बसतो. म्हणजे तुमच्या टेबलावर चालतं आणि गिऱ्हाइकाकडे पडतं.

गाडी नंबर "एमएच १९…" असा पाठवला, पावतीवर फक्त पहिलं "एम" छापलं गेलं. बाकीचं कुठे गेलं?

कुठेही गेलं नाही, सीला ते दिसलंच नाही. पायथनची स्ट्रिंग तशीच दिली की सीटाइप्स ती रुंद अक्षरांची म्हणून पाठवतं: विंडोजवर प्रत्येक अक्षराला २ बाइट, लिनक्सवर ४. रोमन "एम"चा पहिला बाइट भरलेला, पुढचा शून्य. सीच्या साध्या स्ट्रिंगमध्ये शून्य म्हणजे पूर्णविराम. डीएलएलने "एम" वाचलं, शून्य पाहिलं आणि थांबली.

स्ट्रिंगला आधी एन्कोड करून बाइट्स करा, मग पाठवा. आर्गटाइप्समध्ये सी_चार_पी लिहिलेलं असतं तर सीटाइप्सने तुम्हाला तेव्हाच अडवलं असतं.

शेतकऱ्याचं नाव, गावाचं नाव मराठीत पाठवायचंय. चालेल का?

चालेल, पण बाइट मोजून. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. "भुसावळ" डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. चिन्हं सहा, बाइट १८, आणि शेवटच्या शून्याचा एक धरून १९. डीएलएलमधला बफर १६ बाइटचा असेल आणि ती लांबी न पाहता भरत असेल तर शेजारच्या मेमरीवर अतिक्रमण होतं. लांबी पाहून कापत असेल तर पावतीवर "भुसाव" येतं. "मुक्ताईनगर"चे होतात ३० बाइट. २० च्या बफरमध्ये ते "मुक्ता"वर तर कापलं जाईलच, वर "ई"चा एक बाइट अर्धवट लोंबकळत राहील आणि पुढे कोणीतरी ते डीकोड करायला गेलं की तिथे एरर येईल.

आमची सवय अशी: मराठी मजकूर डीएलएलच्या पलीकडे पाठवायचाच नाही. तिला फक्त पावती क्रमांक द्यायचा, नाव-गाव आपल्या डेटाबेसमध्ये ठेवायचं.

स्ट्रक्चर पाठवलं तर आतले आकडे सरकल्यासारखे दिसतात.

समजा स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या फील्डच्या गठ्ठ्यात, आहे एक बाइटचा मालाचा प्रकार, मग ८ बाइटचं वजन, मग ४ बाइटचा पावती क्रमांक. बेरीज १३. पण सीमधला साइझऑफ (एकूण आकार) विचारलात तर उत्तर २४ येईल. कंपायलर ८ बाइटचं वजन ८ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच ठेवतो, म्हणून प्रकारानंतर ७ बाइट रिकामे सोडतो आणि शेवटी आणखी ४. हेच क्रम बदलून वजन, पावती, प्रकार असं लिहिलंत तर १६ मध्ये बसतं.

सीटाइप्सचं स्ट्रक्चर हेच नियम पाळतं, पण फील्डचा क्रम हेडर फाइलप्रमाणे (लायब्ररीतली फंक्शन्स आणि स्ट्रक्चर सांगणारी फाइल) हुबेहूब उतरवला असेल तरच. हेडरमध्ये कुठे प्रॅग्मा पॅक लिहिलंय का तेही पाहा. लिहिलं असेल तर रिकाम्या जागा काढून टाकलेल्या असतात, आणि मग तुमच्या बाजूलाही पॅक द्यावा लागतो. आणखी एक सापळा लाँगचा: ६४ बिट विंडोजवर तो ४ बाइटचा, ६४ बिट लिनक्सवर ८ चा. शक्य असेल तिथे इंट३२, इंट६४ असे आकार नावातच असलेले प्रकार वापरा.

सीने परत दिलेली मेमरी कोणी मोकळी करायची?

ज्याचं बारदान त्याच्याकडे परत. ज्या लायब्ररीने मेमरी घेतली तिनेच ती सोडायची. विंडोजवर हे फार कडकपणे पाळा. डीएलएल आणि तुमचा प्रोग्रॅम सीच्या दोन वेगवेगळ्या रनटाइमवर चालत असू शकतात, दोघांचे मेमरीचे हिशेब वेगळे असतात. तिची मेमरी तुमच्या फ्री फंक्शनने सोडायला गेलात तर क्रॅश. चांगली लायब्ररी स्वतःचं "सोडा" फंक्शन देते. ते हेडरमध्ये शोधा.

इथे सीटाइप्सचा एक बारकावा आहे, तो मी खूप उशिरा शिकलो. रेसटाइप सी_चार_पी ठेवलात तर ते तुम्हाला थेट पायथनचे बाइट्स करून देतं. सोयीचं वाटतं. पण मूळ पॉइंटर त्यात हरवतो, आणि पॉइंटरच नाही तर सोडणार काय? दर पावतीमागे थोडी थोडी मेमरी गळत राहते. हंगामात मशीन आठ-आठ दिवस बंद होत नाही, मग नवव्या दिवशी "तुमचं सॉफ्टवेअर स्लो झालं" म्हणून फोन येतो. अशा वेळी रेसटाइप सी_व्हॉइड_पी ठेवा, मजकूर हाताने काढा, मग लायब्ररीच्या फंक्शनने सोडा.

वजन स्थिर झालं की डीएलएल आपल्या फंक्शनला कॉल करते. पाचदहा मिनिटं चालतं, मग प्रोग्रॅम गायब.

कॉलबॅक (डीएलएलने बोलवावं म्हणून दिलेलं आपलं फंक्शन) कचऱ्यात गेला. तुम्ही पायथनचं फंक्शन गुंडाळून डीएलएलला दिलंत, पण ते गुंडाळलेलं ऑब्जेक्ट स्वतःकडे कुठे धरून ठेवलं नाहीत. पायथनला वाटलं याचा धनी कोणी नाही, त्याने ते झाडून टाकलं. डीएलएलकडे मात्र जुना पत्ता आहे. ते ऑब्जेक्ट क्लासच्या एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, प्रोग्रॅम संपेपर्यंत.

आणि कॉलबॅकच्या आत अपवाद (एक्सेप्शन) उठला तर तो सीच्या अंगणातून बाहेर येत नाही. सीटाइप्स तो स्क्रीनवर छापून पुढे जातं, तुमच्या ट्राय-एक्सेप्टला तो कधीच भेटत नाही. कॉलबॅक आखूड ठेवा: आकडा घ्या, रांगेत टाका, परत या.

डीएलएलची फाइल समोर फोल्डरमध्ये दिसते, तरी "सापडत नाही" म्हणतो. डोळे फुटलेत का याचे?

एरर क्रमांक पाहा. १२६ असेल तर बहुधा ती फाइल सापडली आहे, पण ती जिच्यावर अवलंबून आहे ती दुसरी डीएलएल सापडत नाहीये. संदेशात दुसरीचं नाव येत नाही, म्हणून माणूस पहिलीकडेच बघत बसतो. पायथन ३.८ पासून विंडोजवर अशा अवलंबून असलेल्या डीएलएल पाथ व्हेरिएबलमधल्या फोल्डरांत शोधल्या जात नाहीत. ओएस मॉड्यूलमधल्या अ‍ॅड_डीएलएल_डिरेक्टरीने फोल्डर सांगावं लागतं.

१९३ असेल तर ३२ आणि ६४ बिटांचं भांडण आहे. ६४ बिट पायथनमध्ये ३२ बिट डीएलएल चढत नाही, कुठल्याही युक्तीने नाही. काटेवाले अजूनही सर्रास ३२ बिट देतात. आम्ही एक छोटा ३२ बिट पायथनचा प्रोग्रॅम वेगळा चालवतो. तो डीएलएलशी बोलतो आणि मुख्य प्रोग्रॅमला सॉकेटवरून आकडा पाठवतो. दिसायला जुगाड, पण वर्षानुवर्षं चाललाय.

लायब्ररी सी++ मध्ये आहे. फंक्शनचं नाव बरोबर लिहिलं तरी मिळत नाही.

कारण कंपायलरने नाव बदललंय. सी++ मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शन्स असू शकतात, म्हणून तो नावातच आर्ग्युमेंटांची खूण घालतो. जीसीसी या कंपायलरमध्ये इंट घेणाऱ्या "वजन"चं, रोमनमध्ये पाच अक्षरं, असं काहीसं होतं: अंडरस्कोअर झेड ५ वजन आय. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर आणखी वेगळं करतो, नावाची सुरुवातच प्रश्नचिन्हाने. कोड तुमच्या हातात असेल तर बाहेर दाखवायच्या फंक्शन्सवर एक्सटर्न "सी" लिहा. क्लास, टेम्प्लेट, अपवाद हे सगळं आतच ठेवा. सी++ चा अपवाद सीच्या रीतीने उघडलेल्या दारातून बाहेर पडता कामा नये, दारातच पकडून त्याचा एरर क्रमांक करा.

आमच्या सरांकडे फोर्ट्रानचा जुना कोड आहे, पाण्याच्या हिशेबाचा. तो पायथनमधून चालवायचाय.

एफ२पाय हे फोर्ट्रान पायथनला जोडून देणारं साधन वापरा, ते नमपायसोबतच येतं. हाताने करणार असाल तर तीन गोष्टी. फोर्ट्रान आर्ग्युमेंट मूल्याने नव्हे, पत्त्याने घेतो. जीफोर्ट्रान हा कंपायलर फंक्शनच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोअर लावतो. आणि मॅट्रिक्स तो स्तंभ-स्तंभ साठवतो, सी ओळ-ओळ. ही तिसरी विसरलात तर आकडे सगळे खरे, जागा सगळ्या उलट. तालुके ओळीत आणि महिने स्तंभात असतील तर चोपड्याचा पाऊस भलत्याच खात्यात जमा. फोर्ट्रान २००३ पासून बाइंड सी ही सोय भाषेतच आहे, कोडला हात लावायची परवानगी असेल तर ती वापरा.

जावा, गो, रस्टचं काय?

जावात पूर्वी जेएनआय (जावा नेटिव्ह इंटरफेस) हाच राजमार्ग होता. मध्ये सीचा चिकटकोड लिहावा लागायचा आणि तो लिहिताना कोणाचाही चेहरा हसरा पाहिलेला नाही. मार्च २०२४ मधल्या जावा २२ पासून नवी फॉरेन फंक्शन अँड मेमरी एपीआय पक्की झाली, तिच्यात जावामधूनच सगळं होतं. नवं काम असेल तर तीच घ्या.

गोमध्ये सीगो ही सीशी जोडायची सोय. चालतं, पण गोचे स्टॅक लहान असतात आणि गरजेप्रमाणे वाढतात. सीला ते चालत नाही, म्हणून प्रत्येक कॉलला स्टॅक बदलायचा खर्च पडतो. रस्टमध्ये फंक्शनसाठी एक्सटर्न "सी" आणि स्ट्रक्चरसाठी रेप्र सी. रस्टचा पॅनिक (न सावरता येणारी चूक) असा हद्द ओलांडायला निघाला तर १.८१ पासून प्रोग्रॅम सरळ थांबतो. आधी काय होईल याची हमी नव्हती.

सी वेगवान म्हणून छोटं फंक्शन सीमध्ये नेलं, तर उलट हळू झालं!

पाचोरा-जामनेरची पीजे ही अरुंद रुळांची गाडी आठवते का? तिचे रूळ ७६२ मिलिमीटरचे, मुख्य मार्गाचे १६७६. जामनेरहून मुंबईला निघालेला माणूस पाचोऱ्याला उतरायचा, बोचकी उतरवायचा आणि ब्रॉडगेजच्या गाडीत पुन्हा चढवायचा. पुढची गाडी कितीही जोरात धावो, पाचोऱ्याची चढउतर चुकत नसे.

प्रत्येक कॉलला तुमच्या आकड्यांची तीच चढउतर होते. पायथनचा आकडा सीचा करायचा, कॉल करायचा, उत्तर परत पायथनचं करायचं. सीटाइप्समध्ये याला ढोबळमानाने मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ जातो. आतलं काम दोन आकड्यांच्या बेरजेचं असेल तर सगळा वेळ पाचोऱ्यालाच गेला. दहा लाख आकड्यांसाठी दहा लाख कॉल करू नका. नमपायचा अ‍ॅरे करा, त्याचा पॉइंटर आणि लांबी द्या, लूप सीच्या बाजूला फिरू द्या. एकच कॉल.

डीएलएल उत्तराची वाट बघत बसली की माझी स्क्रीन गोठते. थ्रेड वापरू का?

हो. सीटाइप्समधलं सीडीएलएल कॉलच्या काळापुरतं पायथनचं जागतिक कुलूप (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं, जीआयएल) सोडतं, त्यामुळे दुसरा थ्रेड चालत राहतो. पायडीएलएल सोडत नाही, ते चुकून वापरू नका. पण डीएलएल दोन थ्रेडमधून एकाच वेळी बोलावलेली सहन करेल असं हेडरमध्ये लिहिलेलं नसेल, तर सहन करणार नाही असंच धरा. काट्यासाठी एकच थ्रेड ठेवा.

सीटाइप्स, सीएफएफआय, सायथन, पायबाइंड११, स्विग… कोणतं घेऊ?

तयार डीएलएल, पाचसात फंक्शन्स: सीटाइप्स. पायथनसोबत २.५ पासून येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. फंक्शन्स पन्नासच्या वर आणि हेडर हाताशी: सीएफएफआय. सी++ चे क्लास: पायबाइंड११. स्वतःचंच हळू लूप वेगवान करायचंय: सायथन. रस्ट: पायओ३. स्विग मी टाळतो. ते वाईट नाही, पण त्याने तयार केलेला कोड वाचायची वेळ आली की जीव जातो.

हे सगळं टाळता येईल का?

बऱ्याचदा येतं, आणि आधी तेच पाहा. काट्याची सिरियल पोर्टवरची ओळ थेट वाचता येत असेल तर डीएलएल हवीच कशाला? दुसऱ्या भाषेतला प्रोग्रॅम वेगळा चालवून त्याच्याशी पाइपमधून जेसनमध्ये बोललात तर थोडा वेग जातो. पण तो कोसळला तर एकटा कोसळतो, तुमच्या पावत्या छापणं चालू राहतं. एकाच प्रोसेसमध्ये आणलेली लायब्ररी पडली की सगळ्यांना घेऊन पडते, ट्राय-एक्सेप्ट तिला अडवू शकत नाही.

पडलीच तर कुठे पडली हे कसं शोधायचं?

पायथनचं फॉल्टहँडलर चालू करा, पडताना पायथनची कुठली ओळ चालू होती ते सांगतं. लिनक्सवर पुढे जीडीबी हा डीबगर. कोड तुमचा असेल तर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून कंपाइल करा, बफरबाहेर पडलेलं पहिलं पाऊल तिथेच पकडलं जातं. लायब्ररीत कोणती नावं आहेत ते लिनक्सवर एनएम आणि विंडोजवर डम्पबिन दाखवतं.

सुरुवात कुठून करू?

काट्यापासून नको. सीमध्ये तीन फंक्शन्सची स्वतःची लायब्ररी लिहा: एक दोन डबलची बेरीज करणारं, एक स्ट्रिंगची लांबी सांगणारं, एक मॅलॉक करून (मेमरी मागून घेऊन) मजकूर परत देणारं. ती पायथनमधून चालवा. चालली की रेसटाइपची ओळ मुद्दाम खोडा आणि कोणता आकडा येतो ते पाहा. मग स्ट्रिंगच्या जागी तुमच्या गावाचं नाव मराठीत एन्कोड करून द्या, पण किती बाइट येतील ते आधी वहीवर मांडा.